न वाचणाऱ्याले पुस्तक द्याचं असन तर

भाच्याले दिलेलं जाड पुस्तक वर्षभर कपाटात तसंच पडून होतं, म्हणून या खेपेले आधी तो मोबाईलवर काय पाह्यते ते पाहून घेतलं, तर सगळे वाघाचे अन् ताडोबाचेच व्हिडिओ! मंग जंगलातल्या अनुभवांचंच घेतलं अन् पोट्टं दोन दिवसांत अर्ध्यावर.

घेताना एवढं पाहा:

१. शंभरेक पानं, अक्षर मोठं, प्रकरणं छोटी.
२. मधलं कोणतंही एक पान दुकानातच उभ्या उभ्या वाचा, पुढचं पान उलटावंसं वाटलं तरच घ्या, कव्हरवर जाऊ नका.
३. बोलीतले संवाद असले तर लय चांगलं, आपल्या इकडच्या पोरांले ते जवळचं वाटते.

फक्त स्पर्धा परीक्षेचं पुस्तक गिफ्ट म्हणून देऊ नका, अन् दिल्यावर रोज "किती वाचलं रे?" विचारू नका.