एसीची (अल्टरनेटिंग करंटची) गणितं करायला बसण्याआधी काय काय हाताशी ठेवायचं

डिप्लोमाला असताना लॅबमध्ये टेबलावर जुनी ४० वॅटची ट्यूब आणि तांब्याचा चोक, म्हणजे तारेची कॉइल, जोडून ठेवला होता. चोकवर मीटर लावला तर २०० व्होल्टच्या आसपास, ट्यूबवर लावला तर १०० च्या आसपास, आणि सप्लाय मात्र २३०. २०० आणि १०० म्हणजे ३०० व्हायला पाहिजेत ना, म्हणून मी मीटर खराब आहे समजून दुसरा मीटर आणायला गेलो, आणि दुसऱ्यानेही तेच दाखवलं तेव्हा सगळी बॅच हसली. तेव्हापासून एसीचं गणित दिसलं की मी आधी पेन खाली ठेवतो आणि तयारी बघतो, तीच इथे लिहितोय, ज्यांची परीक्षा किंवा प्रॅक्टिकल जवळ आलंय त्यांच्यासाठी.

सगळ्यात आधी कॅल्क्युलेटर. साइन ३० दाबून बघा, ०.५ आलं तर डिग्रीत आहे, उणे ०.९८८ आलं तर रेडियनमध्ये आहे आणि तुमचा अख्खा पेपर गेला म्हणून समजा, कारण उत्तरं चुकीची असली तरी दिसायला व्यवस्थित दिसतात. आयत-ध्रुवीय, म्हणजे रेक्टँग्युलरचं पोलर करायचं बटण कुठे आहे ते आदल्या रात्रीच शोधून ठेवा, हॉलमध्ये नाही.

मग दिलेले आकडे नीट वाचायचे. २३० व्होल्ट म्हटलं की ते आरएमएस, म्हणजे मीटर दाखवतो तो परिणामी आकडा, पीक म्हणजे लाटेचं टोक पाहिजे असेल तर १.४१४ ने गुणा, ३२५ येतात. गणितात व्ही बरोबर ३२५ साइन ३१४ टी असं लिहून दिलं असेल तर ३२५ हा पीक आहे आणि ३१४ म्हणजे २π गुणिले ५०, फ्रिक्वेन्सी वेगळी शोधत बसायची नाही. पॉवर काढताना पीक घेतला तर उत्तर दुप्पट येतं, ही चूक मी स्वतः दोनदा केलीय. हेन्री की मिलिहेन्री, मायक्रोफॅरॅड लिहिलंय का, हे पेन्सिलने गोल करून ठेवा, शंभरातले दहा मार्क तिथेच जातात.

आता फेजर, म्हणजे व्होल्टेज-करंटचे कोनासकट काढलेले बाण, आणि इथे घाई नको. आधी विचारायचं की सर्किट सिरीज आहे की पॅरलल. सिरीजला करंट सगळीकडे एकच असतो म्हणून तो आडव्या रेषेवर काढायचा, पॅरललला व्होल्टेज. रेझिस्टन्सचं व्होल्टेज करंटच्याच रेषेवर, कॉइलचं ९० अंश पुढे, कपॅसिटरचं ९० अंश मागे. त्या ट्यूबचंच घ्या ना, ट्यूबचे १०० व्होल्ट आडवे आणि चोकचे २०० जवळपास उभे, म्हणजे वर्ग करून बेरीज आणि मग वर्गमूळ, २२४ येतात, बाकीचा थोडाफार फरक चोकच्या तारेच्या स्वतःच्या रेझिस्टन्सचा. मीटर बरोबर होता, माझी बेरीज शाळेतली होती. ही बेरीज कॉम्प्लेक्स नंबरने करायची सोय चार्ल्स स्टाइनमेट्झने १८९३ साली मांडली, त्याच्या नावाने एकदा हात जोडा, नाही तर दरवेळी साइन-कोसाइनची लांबलचक समीकरणं लिहावी लागली असती.

पॉवरसाठी तीन रकाने आखून घ्यायचे, वॅट (खरी वापरली जाणारी पॉवर), व्हीएआर (कॉइल-कपॅसिटरमध्ये नुसती ये-जा करणारी) आणि व्हीए (व्होल्ट गुणिले अँपिअर). त्याच ट्यूबमधून ०.४३ अँपिअर जातो, २३० ने गुणलं की ९९ व्हीए, पण वॅटमीटर चोक धरून ५० च्या आसपास दाखवतो, म्हणजे पॉवर फॅक्टर (वॅट भागिले व्हीए) जेमतेम ०.५. व्हीएआर ८५. आता पॉवर फॅक्टर ०.९ करायला सांगितलं तर ५० वॅट तसेच राहतात (हे विसरतात पोरं), व्हीएआर मात्र २४ पर्यंत आणायचे, मधले ६१ कपॅसिटर देतो, त्याला भागिले ३१४ भागिले २३० चा वर्ग केलं की साधारण ३.७ मायक्रोफॅरॅड, आणि लाईनचा करंट ०.४३ वरून ०.२४ वर येतो. लाईनचा म्हणतोय मी, ट्यूबमधला नाही, ट्यूबमधून अजून ०.४३ च जातोय. व्हायव्हात हमखास विचारतात.

थ्री फेजला लाईन की फेज हे प्रत्येक आकड्याच्या बाजूला लिहा, स्टार जोडणीत (तिन्हींची एकेक टोकं एकत्र) लाईन आणि फेज व्होल्टेजमध्ये वर्गमूळ ३ पटीचा फरक, डेल्टात (त्रिकोणी जोडणीत) तोच फरक करंटमध्ये. तेच तीन रेझिस्टन्स स्टारमधून काढून डेल्टात जोडले की पॉवर तिप्पट, विहिरीवरच्या मोठ्या मोटारीला स्टार-डेल्टा स्टार्टर लावतात ते याच हिशेबाने, सुरुवातीला स्टारमध्ये ठेवून लाईनचा करंट एक तृतीयांशावर आणायचा. मोटारीच्या गणितात अजून एक खड्डा आहे, एचपी (हॉर्सपॉवर) हे शाफ्टवर मिळणारं आउटपुट असतं. ५ एचपी म्हणजे ३७३० वॅट, एफिशियन्सी ८० टक्के आणि पॉवर फॅक्टर ०.८ धरला तर ४१५ व्होल्टला ८.१ अँपिअर येतात. एफिशियन्सी विसरलात तर साडेसहा येतील, आणि वायरमन लोकांचा एचपीला दीड अँपिअर हा अंदाजसुद्धा तुमच्या उत्तरापेक्षा जवळचा निघेल.

प्रॅक्टिकलला जाणाऱ्यांनी वॅटमीटरचा गुणक जोडणी करायच्या आधीच वहीत लिहावा. ३०० व्होल्ट, ५ अँपिअर, युनिटी पॉवर फॅक्टर आणि पट्टीवर ७५० भाग असतील तर एक भाग म्हणजे २ वॅट. दोन वॅटमीटर पद्धतीत एकाचा काटा उलटा गेला तर घाबरायचं नाही, पॉवर फॅक्टर ०.५ च्या खाली आहे एवढाच अर्थ, सप्लाय बंद करून त्याच्या एका कॉइलची टोकं फिरवायची आणि ते रीडिंग उणे धरायचं. कपॅसिटर लावलेला असेल तर तो डिस्चार्ज केल्याशिवाय हात नाही.

उत्तर आलं की वॅटचा वर्ग अधिक व्हीएआरचा वर्ग बरोबर व्हीएचा वर्ग येतोय का ते अर्ध्या मिनिटात बघून घ्या, आणि पॉवर फॅक्टर १.२ वगैरे आला असेल तर पुढचं गणित घेऊ नका, बहुतेक कुठेतरी लाईनच्या जागी फेज घातलाय.