बसताना उकलू नका, उठल्यावर लिहा

पहाटे विहारात ध्यानाला बसणारे आणि संध्याकाळी माझ्याकडे समुपदेशनाला येणारे बरेचदा तेच लोक असतात. प्रश्नही तोच: डोळे मिटले की जुना राग वर येतो, त्याचं करायचं काय? दीक्षाभूमीच्या या शहरात धम्म नवा नाही, स्वतःचं मन कुणापुढे मोकळं करणं मात्र अजून अवघड जातं. माझं सांगणं एवढंच की दोन्ही करा, पण एका वेळी एकच.

बसलात की श्वासावर या. समजा, वाटणीत डावलणाऱ्या भावाचा चेहरा समोर आला. तो असा का वागला, हे तिथे शोधत बसू नका. राग अंगात कुठे आहे ते बघा. जबडा आवळलाय, कानशिलं तापलीत, छातीत काहीतरी अडकलंय. मे महिन्यात कूलरची घरघरही ऐकू येईल, येऊ द्या. सतिपट्ठान या बुद्धाच्या ध्यानावरच्या सुत्तातली वेदनानुपस्सना, म्हणजे संवेदना नुसती बघत राहणं, ती हीच: संवेदना उठते, बदलते, ओसरते.

उठल्यावर वही काढा. इथून कार्ल युंग या स्विस मानसोपचारतज्ज्ञाचं काम सुरू होतं. आपण स्वतःत जे बघायला तयार नसतो त्याला तो छाया म्हणायचा, आणि ती हटकून दुसऱ्याच्या अंगावर दिसते. भावाबद्दल मनात येईल ते लिहा: लोभी, मानभावी, आतल्या गाठीचा. जो शब्द लिहिताना हात जड झाला त्याखाली रेघ ओढा. यातलं माझ्यात काय आहे, आणि ते कोणाला सोसावं लागतं? घाई न करता लिहा. भावाने केलेला अन्याय यामुळे खोटा ठरत नाही. तहसिलीतलं काम तहसिलीत करा. रात्रीचं स्वप्नही त्याच पानावर, अर्थ न लावता.

मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड याने १९१२ मध्ये डॉक्टरांना सांगितलं होतं, की रुग्णाचं ऐकताना लक्ष एका गोष्टीवर खिळवू नका, सगळीकडे सारखं असू द्या. विहारातल्या माणसाला हे ओळखीचं वाटेल. पण पुढे वाटा फुटतात. युंग सांचीला भारावून गेला, तरी युरोपातल्या माणसाने योग जसाच्या तसा उचलू नये, असंच म्हणत राहिला. त्याला मनातल्या प्रतिमांशी बोलायचं होतं; विपश्यनेत, म्हणजे आपल्या या बसण्यात, प्रतिमाही अनित्य म्हणून सोडायची असते. मला दोन्ही पटतात, म्हणून वेळ वेगळी ठेवायला सांगते.

नागपूरजवळच्या माहूरझरीच्या दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला जायचं असेल आणि मनाच्या आजाराच्या गोळ्या चालू असतील, तर अर्जात स्पष्ट लिहा, आधी डॉक्टरांना विचारा, गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका. घरी बसतानाही झोप उडाली, जीव घाबरा व्हायला लागला, तर बसणं थांबवा आणि बोलायला या.