क्रीडापानावर कोणाचा फोटो, कसा? महिनाभराच्या मोजणीची रीत

क्रीडापानावर कोणत्या वंशाच्या खेळाडूचा फोटो किती मोठा आणि कसा छापतात, हे मोजायचं तर आधी २८ अंक जमवा. घरची रद्दी विकायच्या आत बाजूला काढा, नाहीतर गावच्या वाचनालयात बसा. वर्तमानपत्र एकच आणि आवृत्तीही एकच. बीड आणि लातूरच्या आवृत्त्या मिसळल्या की स्थानिक फोटो बदलतात आणि मोजणी फिसकटते.

वहीत रकाने आखा: तारीख, खेळाडू, वंश, आकार, प्रसंग, फोटोओळ. आकार पट्टीने मोजून चौरस सेंटिमीटरमध्ये लिहा. ४×५चा फोटो २० भरतो, २४×१६चा ३८४. नुसते फोटो मोजले तर दोन्ही ‘एकेक’च दिसतात.

वंशाचा रकाना सगळ्यांत फसवा. देशावरून ठरवू नका: क्रिकेटपटू रबाडा काळा, केशव महाराज भारतीय वंशाचा, पण दोघेही दक्षिण आफ्रिकेचे. चेहऱ्यावरून तर नकोच. जाहीर माहिती शोधा, नाही सापडली तर ‘अनिश्चित’ लिहा. आणि हा प्रश्न परदेशी संघांपुरताच नाही. मणिपूरची वेटलिफ्टर मीराबाई चानू, आसामची बॉक्सर लवलिना यांच्यासाठी ‘ईशान्य भारत’ असा वेगळा गट ठेवा.

प्रसंगात खेळताना, जल्लोष, राग, पदक, पासपोर्ट छाप असे भाग पाडा. फोटोओळ मात्र शब्दन्‌शब्द उतरवा. काळ्या खेळाडूला ‘उपजत ताकद’ आणि गोऱ्याला ‘मेहनत, डोकं’ ही वाटणी जुनी आहे, ती विशेषणांतच सापडते. नाव दिलंय का, हेही बघा. २०२२च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेने स्टीपलचेसमध्ये, म्हणजे अडथळ्यांच्या ३००० मीटर शर्यतीत, ८:११.२० वेळ देत रौप्य जिंकलं. त्याच्यापुढे जेमतेम ०.०५ सेकंदाने केनियाचा अब्राहम किबिवोट होता. अशा शर्यतीच्या फोटोत किबिवोटचं नाव येतं, नुसतं ‘केनियाचा धावपटू’ येतं, की तो कडेला कापलेला असतो? हात किंवा खांदा अर्धा दिसला तर ‘कापलेला’ अशी नोंद करा.

चेहरा काळाठिक्कर छापलाय म्हणून लगेच संपादकावर घसरू नका. वर्तमानपत्राचा कागद शाई पितो, ठिपके पसरतात आणि गडद त्वचेतले बारकावे आधी बुडतात. त्याच फोटोतली पांढरी जर्सी पाहा. तीही मळकट असेल तर शाई जास्त झालीय. जर्सी लख्ख पण चेहऱ्याचे नाक-डोळेही दिसेनात, तर बहुधा कॅमेऱ्याचा प्रकाश जर्सीवर जुळवला होता. मग ई-पेपरवर तोच फोटो उघडून ताडा. मुद्दाम काळवंडल्याचं उदाहरणही आहे: जून १९९४मध्ये ‘टाइम’ या अमेरिकी साप्ताहिकाने अमेरिकन फुटबॉलचा माजी काळा खेळाडू ओ. जे. सिम्प्सन याचा अटकेच्या वेळचा पोलिसी फोटो मुखपृष्ठावर गडद करून छापला. ‘न्यूजवीक’ या दुसऱ्या साप्ताहिकाने तोच फोटो तसाच ठेवला होता, म्हणून फरक उघडा पडला.

पहिले ३० फोटो दोघांनी एकमेकांची वही न बघता नोंदवा. सहापेक्षा जास्त ठिकाणी मत वेगळं पडलं तर नियम ढिले आहेत. ते नीट लिहा आणि पुन्हा पहिल्यापासून.

सगळ्यात जास्त चूक होते ती तुलनेत. वेस्ट इंडिजचा दौरा चालू असेल तर काळ्या खेळाडूंचे फोटो वाढणारच. त्यामुळे प्रत्येक सामन्याचा धावफलक शेजारी ठेवा: शतक किंवा पाच बळी कोणाचे, आणि फोटो कोणाचा छापला? एखाद्या गटाचे फोटो २०पेक्षा कमी असतील तर टक्केवारी काढू नका. सरळ ‘११ पैकी २’ असं लिहा.