स्पेअर जेट इंजिन कसं न्यावं: विमानातून आणि धुळे-जळगावच्या रस्त्यावरून

रावेर-सावद्याहून केळी भरून उत्तरेकडे निघालेला ट्रक दहा-पंधरा टन माल सहज ओढतो. एअरबस ए-३२० निओला लागणारं लीप-१ए इंजिन साधारण तीन टनांचं, स्टँडसकट चार-साडेचार टन धरा. त्यामुळे ट्रेलरवाला पहिल्यांदा हा माल बघतो तेव्हा 'एवढंच?' म्हणतो, आणि तिथंच फसतो. इथं वजनाला कुणी घाबरत नाही, धक्क्याला घाबरतात.

चालू इंजिनात बेअरिंगच्या गोळ्या तेलाच्या पातळ थरावर फिरतात. बंद इंजिनात त्या एकाच जागी टेकून उभ्या असतात आणि मधलं तेल दबून बाजूला गेलेलं असतं. गाडी तासन्‌तास थरथरली की गोळी त्याच ठिकाणी कणाकणानं घासते आणि बेअरिंगच्या कडीवर बारीक खळगे पडतात. बाहेरून इंजिन ठणठणीत दिसतं. खळगे बोलायला लागतात ते इंजिन विमानावर चढवून सुरू केल्यावर. खाली जे जे सांगितलं आहे, त्यातलं बरंचसं या एका कारणापोटी आहे.

आधी विमानाचं बघू. बोइंग ७४७ च्या डाव्या पंखाखाली, धड आणि आतलं इंजिन यांच्या मधे, पाचवं इंजिन टांगायची सोय होती. ते चालत नसे, नुसतं लटकून जाई. एका बाजूला जादा वजन आणि वाऱ्याचा अडथळा, म्हणून वेग कमी ठेवावा लागे आणि इंधन जास्त जळे. जानेवारी २०१६ मध्ये क्वांटासच्या ७४७ नं सिडनीहून जोहान्सबर्गला असं इंजिन नेलं, तेव्हा इंधनासाठी वाटेत पर्थला उतरावं लागलं. आता इंजिनं मालवाहू विमानातच जातात, आणि तिथं अडतं ते दारापाशी. बोइंग ७७७ वरच्या जीई९०-११५बी इंजिनाचा नुसता पंखाच सव्वातीन मीटर व्यासाचा, तर ७४७ मालवाहूचं बाजूचं दार साधारण तीन मीटर उंच. म्हणून पुढचा पंख्याचा भाग सोडवून वेगळा पाठवतात, नाहीतर अँटोनोव्ह-१२४ हे अवाढव्य मालवाहू विमान मागवतात. उलट जळगावला येणाऱ्या एटीआर-७२ चं पीडब्ल्यू१२७ इंजिन जेमतेम ४८० किलोचं. ते पेटीत बसतं आणि मोठ्या प्रवासी विमानाच्या पोटातूनही जाऊ शकतं.

विमानतळ किंवा बंदर ते वर्कशॉप हा टप्पा मात्र रस्त्याचाच. मुंबईहून नागपूरच्या मिहानकडे (तिथं विमानदुरुस्तीची वर्कशॉपं आहेत) जायचं असेल तर समृद्धी महामार्ग सरळ बरा. ७०१ किलोमीटर, गतिरोधक नाहीत. सुरत-हजीऱ्याकडून येणारा माल मात्र नवापूर, धुळे, जळगाव, भुसावळ असाच येणार.

कागद गाडीच्या आधी तयार हवेत. इंजिनासोबत डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) नियमाप्रमाणे सीए फॉर्म १, म्हणजे इंजिन वापरायला योग्य असल्याचं प्रमाणपत्र, किंवा त्याच्या तोडीचं परदेशी प्रमाणपत्र लागतं. इंजिनाचा नंबर स्टँडवरच्या टॅगशी, प्रमाणपत्राशी आणि इनव्हॉइसशी अक्षर न्‌ अक्षर जुळवा. ई-वे बिलाची (माल नेण्यासाठीच्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदाची) मुदत साध्या मालाला २०० किलोमीटरमागे एक दिवस असते. सुरत ते नागपूरला चार दिवस धरून चाला. घाईत 'ओव्हर डायमेन्शनल' (मापाबाहेरचा मोठा माल) वर टिक पडली तर हिशेब २० किलोमीटरमागे एक दिवस असा होतो. म्हणून इंजिन कव्हरसकट मोजून मगच टिक करा. धुळ्यात घोडा (ट्रेलर ओढणारी पुढची गाडी) बदलला तर ई-वे बिलाच्या भाग ब मध्ये नवा गाडीनंबर भरल्याशिवाय हलू नका. मुदत वाढवायची तर संपण्याच्या आधीचे आठ तास आणि नंतरचे आठ तास, एवढीच खिडकी.

गाडी एअर सस्पेन्शनचीच, म्हणजे कमानपाट्यांऐवजी हवेच्या फुग्यांवर बसणारी. इथं तडजोड नको. तीस टनांसाठी बनवलेल्या ट्रेलरवर चार टन ठेवले की कमानपाटे दबतच नाहीत, ट्रेलर रिकाम्यासारखा उडतो आणि प्रत्येक खड्डा सरळ वर जातो. 'वजन कमी म्हणजे त्रास कमी' हा हिशेब इथं उलटा पडतो. ट्रेलर आला की घोड्याचं इंजिन सुरू ठेवून हवेचे फुगे भरू द्या, मग गाडी बंद करून अर्धा तास थांबा. एखादा कोपरा बसला तर तो ट्रेलर परत पाठवा. घोड्यालाही एअर सस्पेन्शन असेल तर उत्तम.

स्टँडचे दोन भाग असतात: खालचा बेस आणि वरचा पाळणा, ज्यात इंजिन बसतं. दोघांच्या मधे रबराचे शॉक माउंट. बोटानं दाबून बघा. रबर कडक झालेलं, तडकलेलं किंवा धातूपासून सुटलेलं असेल तर तो स्टँड नाकारा. स्टँड त्याच मॉडेलच्या इंजिनाचा हवा. 'बसतोय की' हे उत्तर नाही. खालची चाकं वर्कशॉपच्या गुळगुळीत फरशीसाठी आहेत. गाडीवर बेस सपाट टेकला पाहिजे, चाकं वर उचललेली किंवा काढलेली.

चढवताना हायड्रा क्रेन मिळते म्हणून तीच लावायची सवय आहे. हायड्रा माल टांगून चालते, माल झुलतो आणि पंख्याच्या कव्हरला खांब लागतो. एका जागी उभी राहणारी क्रेन घ्या, चार पट्टे बेसच्या कड्यांना लावा आणि वर स्प्रेडर बार (पट्टे फाकवून धरणारा आडवा दांडा) टाका, म्हणजे पट्टे इंजिनाला आवळणार नाहीत. फोर्कलिफ्टनं उचलायचं तर काटे बेसच्या खोबणीत पूर्ण आरपार जाऊ द्या आणि स्टँडवरची गुरुत्वमध्याची खूण बघूनच गाडी लावा. इंजिन गाडीच्या लांबीत ठेवा, आडवं नको.

आता बांधणी. सगळे पट्टे बेसच्या कड्यांनाच. बरेच जण कापसाच्या गाठींसारखा वरून पट्टा टाकून आवळतात किंवा पाळण्याला साखळी मारतात. तसं केलं की पाळणा आणि ट्रेलर एकजीव होतात, मधलं रबर कामातून जातं, आणि सगळा एअर सस्पेन्शनचा खर्च पाण्यात. ब्रेक मारल्यावर माल वजनाच्या आठ दशांश जोरानं पुढे रेटतो असं धरून पट्टे मोजा. साडेचार टनांना ३.६ टन होतात, आणि तेवढा जोर मागच्या बाजूनं ओढणाऱ्या पट्ट्यांनी पेलला पाहिजे. पट्टे तिरके लागल्यानं त्यांची ताकद थोडी कमी धरा. पहिल्या पंधरा-वीस किलोमीटरवर थांबून परत आवळा. पॉलिस्टरचे पट्टे सुरुवातीला थोडे सैल पडतातच.

इंजिनातलं इंधन काढून, सगळ्या नळ्यांच्या तोंडांना टोप्या लावून, वर ओलावा-रोधक पिशवी चढवलेली असते. आत सिलिका जेलच्या पुड्या आणि ओलाव्याचं कार्ड. कार्डाचा निळा ठिपका गुलाबी झाला तर पुड्या बदलल्याशिवाय निघू नका. वैशाखात भुसावळला पारा पंचेचाळिशी गाठतो. अशा उन्हात दिवसभर उभी राहिलेली पिशवी आतून तापते, पहाटे गार होते आणि आतल्या हवेतला ओलावा धातूवर बसतो. म्हणून ताडपत्री पिशवीला चिकटवू नका, मधे हवा खेळती ठेवा. पिशवी नसून नुसती कव्हरं असतील तर तोंडाकडचं कव्हर पक्कं बांधा. वारा आत शिरून पंखा फिरला तर बेअरिंग तेलाच्या दाबाविना फिरतं.

धक्का मोजणारं यंत्र पाळण्यावर लावा, बेसवर नको. इंजिनाला काय लागलं ते कळायला हवं. निघताना त्याचा फोटो काढा. वाटेत ते लाल झालं तर पुसू नका, बदलू नका. वेळ आणि ठिकाण लिहून मालकाला कळवा. तपासणी कमी करायची की जास्त, हे तो ठरवेल. लपवलेला धक्का पुढे सगळ्यांना महाग पडतो.

रस्त्यात नवापूर आणि धुळ्याच्या मधला कोंडाईबारीचा घाट रिकाम्या वेळी, पहाटे ओलांडा. उतारावर ब्रेक मारत बसू नका, खालच्या गिअरमध्येच उतरा. धुळ्यापुढे पारोळा, एरंडोल, पाळधी या पट्ट्यात खरा त्रास मोऱ्या आणि पुलांच्या तोंडाशी होतो. काळी माती पावसात फुगते, उन्हात आक्रसते, भराव खचतो, आणि पुलाचं काँक्रीट जागेवर राहिल्यानं तिथं पायरी तयार होते. गिरणेवरच्या बांभोरी पुलासारख्या ठिकाणी शिरताना आणि उतरताना, दोन्हीकडे वेग उतरवा. सपाट रस्त्याला ४०-५० पुरे. गतिरोधक सरळ, दोन्ही चाकं एकदम घेऊन रांगत ओलांडा. तिरपं घेतलं की ट्रेलर पिळतो. सर्व्हिस रोडला शक्यतो जाऊच नका.

आणि एक गोष्ट ड्रायव्हरला दोनदा सांगा: इंजिन वर असताना ट्रेलरला वेल्डिंग करायचं नाही. हायवेवर हूक तुटला की शेजारच्या गॅरेजमध्ये दहा मिनिटांत टाका मारून मिळतो. पण त्या करंटला वेल्डिंग मशीनकडे परत जायला वाट हवी असते, आणि ती बेअरिंगमधून मिळाली तर गोळीवर ठिणगीचे डाग पडतात. तुटलेला हूक दोरीनं बांधा, दुसरा ट्रेलर मागवा, पण वेल्डर जवळ येऊ देऊ नका.

पोचल्यावर पट्टे सोडण्याआधी धक्क्याचं यंत्र, ओलाव्याचं कार्ड, पिशवीची शिवण आणि चारही शॉक माउंट यांचे फोटो काढा, घेणाऱ्यासमोर. पोचपावतीवर 'माल मिळाला' एवढंच न लिहिता यंत्राचं रीडिंग आणि कार्डाचा रंग लिहून सही घ्या. मगच क्रेनला हात दाखवा.