टाके घालण्याआधी चुंबक फिरवा

उंदराच्या (मोठा उंदीर, रॅट) ईसीजीसाठी कातडीखाली ट्रान्समीटर, म्हणजे हृदयाचे संकेत रेडिओलहरींनी बाहेर पाठवणारं छोटं यंत्र, बसवणार असाल तर प्राणी नीतिसमितीची मंजुरी, हातमोजे, भुलीचं मशीन, गरम पॅड हे धरून चालतो. मंजुरी नसेल तर पुढचं वाचूच नका.

आधी लोहचुंबक. बॅटरी वाचावी म्हणून ट्रान्समीटर बंदच ठेवलेला असतो, चुंबक जवळून फिरवला की चालू होतो. चुंबक निर्जंतुक हातमोज्यात घालून टेबलावरच ठेवा, शेजारच्या खोलीतल्या कपाटात नको. मात्र ट्रेला चिकटून नको, नाहीतर यंत्र आपोआप चालू-बंद होत बसेल. सोबत साधा एएम रेडिओ. आमच्याकडच्या ट्रान्समीटरचा सूर रेडिओच्या पट्टीच्या खालच्या टोकाला ऐकू येतो. पिशवी फोडायच्या आधी ऐका, आणि डब्यावरचा नंबर वहीत उतरवा.

निर्जंतुक करायला ऑटोक्लेव्ह (दाबाखालची गरम वाफ) अजिबात नको, उष्णतेनं यंत्र जातं. ग्लुटराल्डिहाइडमध्ये (जंतू मारणारं रसायन) बुडवायचा असेल तर नंतर सलाइननं भरपूर धुवा, उरलेलं रसायन मांस भाजतं. मेलोक्सिकॅम (वेदनाशामक) चिरा द्यायच्या आधीच द्या, शुद्धीवर आल्यावर नाही.

ट्रान्समीटरच्या तारा म्हणजे लीड, त्या ईसीजीच्या ‘लीड II’ मांडणीत बसवा. ऋण टोक उजव्या छातीच्या वरच्या स्नायूवर, धन टोक डावीकडे खालच्या बरगड्यांपाशी. तारेच्या टोकाचं आवरण काढून स्नायूला रेशमाचा टाका घाला, पण ताणून बसवू नका. प्राणी अंग ताणतो, वळतो आणि टोक निसटतं. मग पडद्यावर हृदयाऐवजी स्नायूंची थरथर दिसते.

आता थांबा. सुई खाली ठेवा. चुंबक फिरवा, रेडिओ ऐका, प्राण्याला रिसीव्हरवर ठेवून पडद्यावर आर लाट (प्रत्येक ठोक्याचं उंच टोक) दिसते का पाहा. नुसता सूर आला म्हणजे लीड नीट बसली असं नाही. घाई असेल, भूल उतरत असेल, तरी पाहा. मी एकदा न पाहता टाके घातले होते. तोच चिरा पुन्हा उघडावा लागला आणि प्राण्याला दुसऱ्यांदा भूल द्यावी लागली. तेव्हा शिवण्याआधी पाहा, शिवताना नव्हे.

पुढचं थोडक्यात. पिंजरे एकमेकांपासून लांब, नाहीतर शेजारच्याचे ठोके याच्या फाइलीत. एका पिंजऱ्यात एकच ट्रान्समीटर. आठवडा-दहा दिवस जखम भरू द्या, तोवरची नोंद विश्वासाची नाही. उंदराचे ठोके मिनिटाला 300 ते 450, रात्री जास्त, म्हणून दिव्यांची वेळ बदलू नका. नोंद नसेल तेव्हा चुंबक फिरवून बंद करा.