फार्मसीच्या विद्यार्थी-नेतृत्वासाठी आंतरराष्ट्रीय भागीदारी: उभारणी आणि निगा

आंतरराष्ट्रीय भागीदारीचा विचार सुरू झाला की बहुतेक महाविद्यालये सर्वप्रथम सामंजस्य कराराचा मसुदा हाती घेतात. सह्या होतात, छायाचित्र काढले जाते आणि करार फाइलमध्ये जाऊन बसतो. विद्यार्थ्यांमध्ये नेतृत्व घडवणे हा हेतू असेल, तर सुरुवात उलट्या टोकाने करावी असे माझे स्पष्ट मत आहे: आधी दोन देशांतील विद्यार्थ्यांनी मिळून एखादे छोटे काम पूर्ण करावे, आणि त्या कामातून जे जुळले व जे अडले त्याच्या आधारे करार लिहावा.

महाविद्यालयाच्या प्रशासनाला हा उपक्रम अभ्यासाबाहेरची हौस वाटण्याची शक्यता असते, म्हणून प्रस्तावात काही आधार अवश्य द्यावेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९७ सालच्या अहवालात फार्मासिस्टच्या सात भूमिका मांडल्या आहेत आणि नेतृत्व ही त्यांपैकी एक आहे. १९१२ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय औषधनिर्माण महासंघाने, म्हणजे एफआयपीने, नोव्हेंबर २०१६ मध्ये नानजिंग येथील शिक्षण परिषदेत मनुष्यबळ विकासाची १३ उद्दिष्टे पुढे ठेवली. त्यांतील सहावे उद्दिष्ट नेतृत्वविकासाचे आहे. २०२० मध्ये ही चौकट २१ उद्दिष्टांपर्यंत वाढवली गेली, तरी नेतृत्वाचे स्थान कायम राहिले. प्रस्तावात एवढे दाखले पुरेत.

त्यानंतर उद्दिष्ट एका वाक्यात लिहावे. ‘विद्यार्थ्यांना जागतिक दृष्टी मिळेल’ अशा वाक्याचा उपयोग नाही, कारण वर्षअखेरीस ते तपासता येत नाही. त्याऐवजी ‘आज प्राध्यापकांकडे असलेला कोणता निर्णय वर्षभरानंतर विद्यार्थी स्वतः घेऊ शकतील?’ या प्रश्नाचे उत्तर लिहावे. बैठकीची विषयपत्रिका ठरवणे, दोन गटांतील मतभेद मिटवणे, मर्यादित निधीचा हिशेब सांभाळणे किंवा धोरणविषयक निवेदन तयार करून ते संबंधित अधिकाऱ्यांपुढे मांडणे, अशी ती उत्तरे असू शकतात. यांपैकी दोन निवडली तरी वर्ष भरगच्च जाते.

भागीदार शोधताना नामांकित विद्यापीठाचा मोह आवरावा. तेथे रोज अशी अनेक पत्रे येतात, आणि होकार मिळाला तरी आपल्या विद्यार्थ्यांच्या वाट्याला श्रोत्याची भूमिका येण्याची शक्यता अधिक असते. आकाराने आपल्याइतकीच आणि विद्यार्थी संघटना खरोखर कार्यरत असलेली संस्था अधिक उपयोगी ठरते. १९४९ मध्ये लंडन येथे स्थापन झालेला आंतरराष्ट्रीय फार्मसी विद्यार्थी महासंघ, म्हणजे आयपीएसएफ, हा यासाठी उत्तम मार्ग आहे. त्याच्या सदस्य संघटना अनेक देशांत आहेत आणि त्याचा विद्यार्थी विनिमय कार्यक्रम फार जुना आहे. युरोपातील विद्यार्थी संघटना ‘ट्विननेट’ या उपक्रमातून जोड्या जमवून एकमेकींकडे जातात. त्याची रचना अभ्यासण्याजोगी आहे. परदेशात काम करणारे माजी विद्यार्थी आणि प्राध्यापकांचे संशोधनातील सहकारी यांच्याकडून मिळालेली ओळख तर अनोळखी पत्रापेक्षा नेहमीच जड भरते.

पहिले पत्र विद्यार्थ्यांनीच लिहावे, समन्वयक प्राध्यापकांनी ते फक्त नजरेखालून घालावे. आपण कोण आहोत, कोणते काम सुचवत आहोत, त्याला किती आठवडे लागतील आणि त्यातून दोन्ही बाजूंना काय मिळेल, एवढे त्यात एका पानात यावे. ते पत्र तेथील विद्यार्थी प्रतिनिधी आणि एक प्राध्यापक अशा दोघांनाही एकाच वेळी पाठवावे. केवळ प्राध्यापकांना पाठवले तर विद्यार्थ्यांना बरेचदा पत्ताच नसतो आणि केवळ विद्यार्थ्यांना पाठवले तर परवानगीवर घोडे अडते.

होकार आल्यावर कामाला भिडण्यापूर्वी दोन्ही शिक्षणपद्धतींचा तक्ता शेजारी शेजारी मांडावा. ‘तृतीय वर्षाचा विद्यार्थी’ या शब्दांचा अर्थ सर्वत्र सारखा नसतो. जपानमध्ये फार्मासिस्ट होण्यासाठीचा अभ्यासक्रम २००६ पासून सहा वर्षांचा आहे. ब्रिटनमध्ये एमफार्म ही चार वर्षांची पदवी आहे आणि तिच्यानंतर वर्षभराचे प्रशिक्षण असते. अमेरिकेत फार्मडी या पदवीच्या चार वर्षांपूर्वी काही वर्षांचे पूर्वशिक्षण आलेले असते. शैक्षणिक वर्षही जपानमध्ये एप्रिलला, ऑस्ट्रेलियात फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास आणि युरोप-अमेरिकेत ऑगस्ट-सप्टेंबरच्या आसपास सुरू होते. म्हणून दोन्हीकडील परीक्षा वगळून उरणारे सामायिक आठवडे आधी शोधावेत. ते वाटतात त्यापेक्षा कमी निघतात. घड्याळाचीही एक मेख आहे: युरोप आणि अमेरिका उन्हाळी वेळेसाठी घड्याळ वेगवेगळ्या रविवारी बदलतात, त्यामुळे मार्चमध्ये आणि पुन्हा शरद ऋतूत ठरलेली बैठक काही दिवस तासाभराने सरकते. बैठकीची वेळ नेहमी जागतिक प्रमाणवेळेत लिहावी आणि गैरसोयीची वेळ आळीपाळीने दोन्ही बाजूंनी सोसावी.

पहिल्या कामाचा विषय असा हवा की ज्यात दोन्ही देशांची उत्तरे खरोखर वेगळी असतील. कमी मात्रेतील कोडीन (अफूवर्गीय वेदनाशामक) असलेली औषधे हे चांगले उदाहरण आहे: ऑस्ट्रेलियाने १ फेब्रुवारी २०१८ पासून ती केवळ डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच देण्याचा नियम केला, तर अन्यत्र नियम निराळे आहेत. फार्मासिस्टने लस टोचण्याचा विषयही असाच आहे. पोर्तुगालमध्ये २००७ पासून हे काम औषध दुकानांत होते, काही देशांत त्याला आजही मुभा नाही. एकाच औषधाला एका देशात सालब्युटामॉल आणि दुसऱ्या देशात अल्ब्युटेरॉल म्हणतात, किंवा पॅरासिटामॉलला अ‍ॅसिटामिनोफेन म्हणतात, ही बाब किरकोळ वाटते; परंतु प्रवासी रुग्णाचे समुपदेशन करताना त्याच घोटाळ्यातून दुहेरी मात्रा जाऊ शकते. अशा प्रश्नांवर दोन्हीकडचे प्रत्येकी तीन विद्यार्थी मिळून सहा जणांचा गट करावा आणि त्याला सहा ते आठ आठवडे द्यावेत. पहिल्या दोन आठवड्यांत प्रत्येकाने आपापल्या देशाचा नियम व त्यामागचे कारण मांडावे, नंतर गटाने तुलना करावी आणि शेवटी दोन पानांचे निवेदन दोन्ही महाविद्यालयांपुढे सादर करावे. त्यात रुग्णांची खरी माहिती वापरू नये. सरावासाठी काल्पनिक प्रकरणे पुरतात.

नेतृत्वाचे खरे शिक्षण या आठवड्यांच्या मधल्या भागात होते, आणि नेमक्या तेथेच प्राध्यापक घाईने हात घालतात. एखादा गट मुदत चुकवतो, एका बाजूचे विद्यार्थी इंग्रजीत चटकन बोलून जातात आणि दुसऱ्या बाजूचे गप्प राहतात, कामाची विभागणी असमान होते. या अडचणी समन्वयकांनी परस्पर सोडवल्या तर विद्यार्थ्यांच्या हाती फक्त निवेदन उरते. म्हणून गटप्रमुखाचे पद दर दोन आठवड्यांनी एका देशातून दुसऱ्या देशाकडे जावे, प्रत्येक बैठकीचे इतिवृत्त त्याच दिवशी लिहिले जावे आणि मतभेद झाल्यास प्रमुखाने प्रथम काय केले ते लेखी नोंदवावे. बोलण्यापूर्वी मुद्दे लिहून पाठवण्याची पद्धत ठेवली तर भाषेमुळे मागे राहणाऱ्यांनाही आपले म्हणणे मांडता येते. सुरक्षितता, गोपनीयता किंवा कोणाचा अवमान यांचा प्रश्न उद्भवला तर मात्र प्राध्यापकांनी तत्काळ लक्ष घालावे. ही मर्यादा पहिल्याच बैठकीत सांगून ठेवावी.

प्रत्यक्ष भेटींचा विचार एखादे ऑनलाइन काम पार पडल्यावरच करावा. येथे समतोलाचा प्रश्न सर्वांत नाजूक असतो, कारण श्रीमंत देशातील विद्यार्थी जातात आणि यजमान संस्थेच्या वाट्याला त्यांची देखभाल येते, असे चित्र सहज तयार होते. केनियातील मोई विद्यापीठ आणि अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठ यांचे सहकार्य १९८९ पासून चालत आले आहे. पुढे पर्ड्यू विद्यापीठाचा फार्मसी विभागही त्यात आला. इतकी वर्षे टिकलेल्या अशा सहकार्याकडे पाहावे ते एका प्रश्नासाठी: यजमानांच्या रुग्णालयाची गरज प्रथम येते की पाहुण्यांच्या विद्यार्थ्यांची सोय? भेटीपूर्वी व्हिसाचा प्रकार, आरोग्य विमा, आवश्यक लसीकरण, राहण्याची जागा आणि पर्यवेक्षक यांची लेखी निश्चिती करावी. परदेशी विद्यार्थ्याने तेथे नेमके काय करायचे नाही हेही लिहावे. स्वतःच्या देशात देखरेखीखाली जे करता येते ते तेथे कायद्याने निषिद्ध असू शकते. ज्यांना प्रवास परवडत नाही त्यांच्यासाठी ऑनलाइन प्रमुखपदे राखून ठेवावीत, अन्यथा नेतृत्व पैशांच्या हिशेबाने वाटले जाते.

एवढे झाल्यावर सामंजस्य करार लिहावा, आणि तो मोजक्या पानांचा असावा. उद्दिष्ट, दोन्हीकडील समन्वयकांची पदे, खर्चाची विभागणी, तयार झालेल्या साहित्याची मालकी, माहितीची गोपनीयता, तक्रारीचा मार्ग आणि मुदत हे मुद्दे त्यात हवेत. व्यक्तींच्या नावांऐवजी पदांचा उल्लेख महत्त्वाचा आहे, कारण विद्यार्थी पदाधिकारी साधारण वर्षभरात बदलतात आणि बहुतेक भागीदाऱ्या या बदलाच्या वेळीच थंडावतात. यावर उपाय साधा असला तरी चिकाटीचा आहे: नवे पदाधिकारी दोन महिने आधी निवडावेत, जुन्यांबरोबर त्यांनी किमान दोन संयुक्त बैठकांना बसावे, संस्थेच्या नावाचा ईमेल वापरावा आणि पत्रव्यवहार, इतिवृत्ते व हिशेब एका सामायिक फोल्डरमध्ये ठेवावेत. निवृत्त होणाऱ्याने ‘मी काय चुकलो’ या विषयावर एक पान लिहून ठेवावे. नवा पदाधिकारी बाकीचे सारे सोडून तेच आधी वाचतो.

मूल्यमापन उपस्थितीच्या आकड्यांवरून करू नये. सुरुवातीला आणि शेवटी विद्यार्थ्यांना तोच एक प्रसंग द्यावा, उदाहरणार्थ मुदतीच्या आदल्या दिवशी परदेशी सहकाऱ्याने काम पाठवलेले नाही, आणि त्यांचे लेखी उत्तर ताडून पाहावे. दर वर्षी दोन्ही बाजूंनी स्वतंत्रपणे एकच प्रश्न सोडवावा: या वर्षी कोणाला किती काम पडले आणि कोणाला किती मिळाले? लागोपाठ दोन वर्षे उत्तरांत मोठी तफावत आढळली आणि चर्चेनंतरही ती कमी झाली नाही, तर कराराचे नूतनीकरण करू नये. अशा वेळी सामायिक साहित्य दोन्हीकडे जमा करावे, उरलेला निधी ठरल्याप्रमाणे परत करावा आणि समारोपाचे पत्र विद्यार्थी प्रतिनिधींनीच लिहावे.