जुन्या इरकली लुगड्यावरून चित्रमालिका करताना

नऊवारी इरकली लुगडं साधारण सव्वाआठ मीटर भरतं. त्याचे तुकडे फळीवर बसवून, वर रंगवून आठ-दहा चित्रं सहज निघतात, पण कातरी लावण्याआधी कापड नीट वाचायला हवं. नेसण्यातल्या सगळ्या जागा सारख्या झिजत नाहीत. काष्ट्याची जागा विरविरीत होते, घोट्याजवळचा काठ घासून फाटतो, आणि कनवटीला खोचलेल्या भागावर चुण्या कायमच्या उमटतात. मालिकेचा खरा ऐवज या झिजेतच आहे. धड राहिलेला, चकचकीत भाग तेवढा घेतला तर हाती नुसतं शोभेचं कापड येतं. म्हणून लुगडं जमिनीवर पूर्ण पसरा, फोटो घ्या, आणि काष्टा, निऱ्या, ओचा, पदर अशा चिठ्ठ्या सैल टाके घालून लावा. ताण्याची (लांबीच्या धाग्यांची) दिशा बाणाने दाखवा. तुकडे सुटे झाले की ती ओळखणं कठीण जातं.

इरकलीत अंगाचा ताणा आणि पदराचा ताणा वेगळे असतात. ते फासे घालून एकमेकांत अडकवलेले असतात. विणकर याला टोपतेनी म्हणतात. हा सांधा लुगड्याचं मर्म आहे आणि कापताना सगळ्यात धोक्याचाही. कातरी सांध्यावर आली की फासे सुटतात आणि पदर वेगळा होतो. सांध्याच्या दोन्ही बाजूंना किमान 10 सेंमी कापड राखा आणि तो भाग एका चित्रात अखंड ठेवा.

मग रंगाची परीक्षा. ओला पांढरा सुती बोळा लाल पदरावर पाच मिनिटं दाबून धरा. बोळा गुलाबी झाला तर तो भाग धुऊ नका आणि ओल्या माध्यमाने (चिकटवायच्या अ‍ॅक्रिलिक द्रावाने) चिकटवूही नका, नुसता शिवा. रंग सुटत नसेल तर थंड पाण्यात सौम्य साबणाने हलवून काढा, पिळू नका, सावलीत आडवं वाळवा. जरीच्या काठाला डांबरगोळ्यांपासून दूर ठेवा, त्यांनी काठ काळवंडतो. जरतार प्लॅस्टिकची असेल तर ती गरम इस्त्रीने वितळते, तेव्हा मधे सुती कापड घालून कोमट इस्त्री फिरवा.

विरलेल्या कापडाला आधार लागतो. मांजरपाट गरम पाण्यात दोनदा धुऊन घ्या. कोऱ्या मांजरपाटातली खळ निघाली नाही तर नंतर तो आटतो आणि वरच्या लुगड्याला सुरकुत्या पडतात. त्यावर लुगड्याचा तुकडा पसरून गोधडीसारखा धावदोरा घाला: टाका 5-6 मिमी, दोन ओळींत 8-10 मिमी अंतर. सुरुवात मधून करा म्हणजे फुगवटा कडेकडे सरकत जातो. दोरा ओढू नका. शिवण हीच खरी पकड आहे, गोंद दुय्यम. चारही बाजूंना 5 सेंमी जादा कापड ठेवा.

चोळीचा खण वापरणार असाल तर तो उलटा करून पाहा. नक्षीचे जादा ताणे मागे मोकळे तरंगत असतात, त्यामुळे कापल्यावर कड भराभर सुटते. कापायच्या रेषेवर मागून पातळ अ‍ॅक्रिलिक माध्यम लावा, वाळू द्या, मग कापा.

फळी 12 मिमी प्लायची घ्या. 6 मिमीची पातळ फळी एका बाजूने ओली झाली की धनुष्यासारखी वाकते. पुढे, मागे आणि कडांना प्रायमरचे दोन हात द्या, नाहीतर लाकडाचा पिवळा डाग कापडात उतरतो. फळीवर मॅट माध्यमाचा एकसारखा थर द्या आणि शिवलेलं कापड मधून बाहेर दाबत बसवा. लाकूडकामाचा साधा पांढरा गोंद दमट हवेत मऊ पडतो, तो टाळा. वर प्लॅस्टिकचा कागद आणि वजन ठेवून 24 तास थांबा, पावसाळ्यात 48 तास.

रंग थेट कापडावर लावला तर धाग्याधाग्याने पसरत जातो. जिथे रेघ धारदार हवी तिथेच आधी दोन भाग माध्यम, एक भाग पाणी असा हात द्या, बाकी कापड मोकळं राहू द्या. सगळीकडे थर दिला तर सुताचा पोत मरतो आणि लुगडं रेक्झिनसारखं दिसतं. सगळ्यात जास्त कामं इथेच बिघडतात. रेशमी भागावर रंग कमीच ठेवा. हातकागदाचे तुकडे लावायचे असतील तर रंगानंतर, आणि टाक्यांनी धरून.

मालिका वर्षानुवर्षं चालणार असेल तर फळीचं माप आणि टाक्याचं अंतर बदलू नका, बाकी सगळं बदला. प्रत्येक फळीमागे क्रमांक, लुगड्यातली जागा आणि वापरलेलं माध्यम लिहा. उरलेले तुकडे घडी न घालता मलमलीत गुंडाळा. घडीवर रेशीम चिरतं. चौकटीत काच आणि कापड यांमध्ये 5 मिमी पोकळी सोडा, आणि पावसाळ्यात ओल येणाऱ्या भिंतीवर चित्र टांगू नका.